आय-गेटवर अर्धीच पॅकेट्स येत होती

एपीआरएस म्हणजे हौशी रेडिओवरून आपला ठावठिकाणा छोट्या डेटा-संदेशांत (पॅकेट्समध्ये) पाठवायची पद्धत, आणि आय-गेट ती पॅकेट्स रेडिओवर ऐकून इंटरनेटवर पोचवतं. माझ्या घरच्या आय-गेटवर मित्राचा ट्रॅकर (अशी पॅकेट्स पाठवणारं यंत्र) नकाशावर मधूनच दिसायचा, मधूनच गायब. इंटरनेटची बाजू ठीक होती: पोर्ट १४५८०, पासकोड बरोबर, लॉगइन व्हेरिफाइड. म्हणजे घोळ रेडिओकडेच.

डायरवुल्फमध्ये (रेडिओच्या आवाजातून पॅकेट्स वाचणारं सॉफ्टवेअर) जी पॅकेट्स वाचली जात होती, त्यांची ऑडिओ लेव्हल शंभराच्या बरीच वर. हँडीचा (हातात मावणाऱ्या रेडिओचा) व्हॉल्यूम उतरवून ती ५० च्या आसपास आणली. फरक पडला, पण थोडाच.

खरा चोर स्क्वेल्च, म्हणजे सिग्नल नसताना रेडिओचा आवाज बंद ठेवणारी सोय! तो उघडेपर्यंत पॅकेटची सुरुवात कापली जाते, आणि १२०० बॉडचं (हा डेटाचा वेग) पॅकेट असतं जेमतेम सेकंदभराचं. स्क्वेल्च शून्यावर ठेवला (खरखर ऐकायला स्पीकर कुठे लावलाय!), हँडीचा बॅटरी सेव्हरही (तो रिसीव्हर मधूनमधून झोपवतो) बंद केला. आता ट्रॅकर वळणावळणाला दिसतो.