जपानी विद्यार्थ्यांना कॉर्पसमधून इंग्रजी व्याकरण शिकवताय? या चुका टाळा

सगळ्यांत महागात पडते ती पहिल्याच तासाला कॉर्पसची, म्हणजे खऱ्या वापरातल्या मजकुराच्या शोधता येणाऱ्या मोठ्या संग्रहाची, स्क्रीन मुलांपुढे उघडण्याची घाई. 'कोका' या अमेरिकन कॉर्पसमध्ये १०० कोटींहून जास्त शब्द आहेत. त्यात 'ऑलमोस्ट' शोधलं की तुटक्या ओळींचा ढीग समोर येतो आणि वर्ग गप्प होतो. मुलांची अडचण तर साधीच असते. जपानी 'होतोन्दो' म्हणजे 'ऑलमोस्ट' असं त्यांनी पाठ केलेलं असतं, म्हणून ती 'ऑलमोस्ट स्टुडंट्स' लिहितात. आदल्या दिवशी आठ-दहा सोप्या ओळी निवडून कागदावर छापा आणि 'ऑलमोस्ट'च्या लगेच पुढचा शब्द अधोरेखित करायला सांगा. ऑल, एव्हरी, नथिंग, ऑलवेज... नुसतं नाम कुठेच येत नाही, हे मुलांच्या आपणहून लक्षात येतं. मग नियम सांगायला दोन मिनिटं पुरतात.

दुसरी चूक, सापडलं म्हणजे बरोबर असं धरून चालणं. 'डिस्कस अबाउट' ही चूक आपल्या मराठी मुलांच्याही तोंडी असते, कारण आपणही एखाद्या गोष्टी'बद्दल' चर्चा करतो. जपानीत तेच काम 'नि त्सुइते' करतं. मग एखादा विद्यार्थी म्हणतो, "सेन्सेई (सर), कॉर्पसमध्ये तर आहे!" ती ओळ त्याच्यासोबत वाचा. 'देअर इज मच टू डिस्कस अबाउट धिस प्लॅन' अशा वाक्यात 'अबाउट'चा धागा मागच्या 'मच'शी जुळलेला असतो. बाकी काही ओळी बोलण्याच्या ओघातल्या घसरणीही असतात. आकडा पाहून निकाल देऊ नका.

'अ' आणि 'द' मात्र एका ओळीच्या कॉन्कॉर्डन्समधून (शोधलेला शब्द मधोमध ठेवून दाखवलेल्या तुटक्या ओळींतून) शिकवू नका. 'द' का आला याचं कारण बहुतेक वेळा आधीच्या वाक्यात असतं, आणि ते या तुटक्या ओळीत दिसत नाही. जपानीत (आणि मराठीतही) आर्टिकल नसल्यामुळे अंदाज बांधायला आधारच नसतो. इथे अख्खा परिच्छेद द्या.

शिक्षक फक्त इंग्रजी भाषकांचे कॉर्पस वापरतात, याची मला फार खंत वाटते. 'जेफल' या विद्यार्थ्यांच्या लेखनाच्या कॉर्पसमध्ये जपानी शाळांतल्या सुमारे १०,००० मुलांचे इंग्रजी निबंध आहेत. शब्दकोश न घेता २० मिनिटांत लिहिलेले, आणि अडलं तिथे जपानी शब्द घालायची मुभा. मूल नेमकं कुठे अडलं, ते त्या जपानी शब्दांवरून कळतं. पुढच्या तासाचा विषय तिथूनच घ्या.

स्वतःच्या वर्गाचे निबंध वासेदा विद्यापीठातल्या लॉरेन्स अँथनी यांच्या 'अँटकॉन्क' या मजकूर शोधायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घालताना जपानी अक्षरांचा 'मोजिबाके', म्हणजे नुसता निरर्थक चिन्हांचा गोंधळ दिसला, तर फाइल बहुधा जुन्या शिफ्ट-जिस एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) असते. ती यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करून पुन्हा उघडा. आणि शोधताना 'डिस्कस'च्या शेवटी तारांकन द्या, नाहीतर 'डिस्कस्ड' आणि 'डिस्कसिंग' दोन्ही निसटतात.