चेहरा तेलकट म्हणून चारदा धुताय? त्वचेच्या निगेतल्या या चुका टाळा

दुपारी नाकावर तेल आलं की त्वचा तेलकट, असं अनेकजण ठरवून मोकळे होतात. मे महिन्यात मुंबई-कोकणात कुणाचं नाक चमकत नाही? प्रकार ओळखायची साधी रीत अशी: सौम्य फेसवॉशने तोंड धुवा, टिपून घ्या आणि तासभर काहीही न लावता पंख्याच्या झोतापासून लांब बसा. मग कपाळ, नाक, हनुवटी आणि गालांवर टिश्यू पेपर दाबून पाहा. सगळीकडे तेलाचा डाग उमटला तर त्वचा तेलकट. फक्त कपाळ, नाक, हनुवटीवर उमटला तर मिश्र. कागद कोरडाच राहिला आणि हसताना गाल ओढल्यासारखे वाटले तर कोरडी. काहींच्या चेहऱ्यावर तेलही येतं आणि त्वचा ओढल्यासारखीही वाटते. ही बहुधा जास्त धुतलेली तेलकट त्वचा असते, ती कोरडी समजून जाड क्रीम थापलं की पुटकुळ्या येतात. हीच तपासणी डिसेंबरात पुन्हा करा, उत्तर बदललेलं असू शकतं.

धुण्यातल्या चुका

त्वचेचा वरचा थर किंचित आम्लधर्मी असतो, पीएच (आम्लता मोजायचं माप, 7 च्या खाली आम्ल, वर अल्कली) साधारण 4.5 ते 5.5. अंगाच्या साबणाचा पीएच 9 ते 10. म्हणून साबणाने तोंड धुतल्यावर जो 'कोरा करकरीत' चेहरा वाटतो, ते स्वच्छतेचं लक्षण नाही, त्वचेतला स्निग्धांश गेल्याचं आहे. तैलग्रंथी हार्मोन्सच्या सांगण्यावर चालतात, साबणाला जुमानत नाहीत. चारदा धुऊन तेल थांबत नाही, वरचा थर मात्र उघडा पडतो.

सकाळ-संध्याकाळ दोनदा पुरे. वाटाण्याएवढा फेसवॉश, साधं किंवा जेमतेम कोमट पाणी, बोटांनी अर्धा मिनिट. त्वचा कोरडी असेल तर सकाळी नुसतं पाणी. मुरुमांसाठी 2 टक्के सॅलिसिलिक अॅसिडचा फेसवॉश दिवसातून एकदाच. बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा चिकट थर चेहऱ्यावर राहतो. तिथे साबणविरहित क्लेन्झर घ्या आणि शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा.

मॉइश्चरायझर त्वचा ओलसर असतानाच लावा. तेलकट त्वचेलाही तो लागतोच, फक्त जेलचा. कोरड्या त्वचेला ग्लिसरीन किंवा सिरॅमाइडचं (त्वचेतलाच एक स्निग्ध घटक) क्रीम, आणि गाल उलत असतील तर रात्री त्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात.

स्वयंपाकघरातले उपाय

लिंबाच्या रसाचा पीएच 2 च्या आसपास असतो. तो लावून उन्हात गेलं तर फोड येऊन काळपट चट्टे उठू शकतात. खाण्याचा सोडा आणि टूथपेस्टही नकोच. मुलतानी माती तेलकट त्वचेला चालते, पण ती तडे जाईपर्यंत ठेवायची नसते. आठ-दहा मिनिटांनी, ओलसर असतानाच धुवा. कोरफडीचं पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक त्वचेला झोंबतो. पान दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवून तो गळू द्या, मगच गर काढा.

खोबरेल तेल कोरड्या हातापायांना उत्तम, मुरुमांच्या चेहऱ्याला वाईट. रात्री डोक्याला चोपडलेलं तेल उशीवरून कपाळावर उतरतं आणि केसांच्या कडेने बारीक पुळ्या येतात. तेल लावायचंच तर धुण्याआधी तासभर. या पुळ्या एकसारख्या आकाराच्या आणि खाजऱ्या असतील तर त्या बुरशीच्याही असू शकतात. मुरुमांची औषधं तिथे फारशी चालत नाहीत, डॉक्टरांनाच दाखवा.

सनस्क्रीन आणि सीरम

सनस्क्रीन 'चालत नाही' अशी तक्रार असते तेव्हा बहुतेकदा ते पुरेसं लावलेलं नसतं. तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ, एवढं चेहरा आणि मानेला हवं. एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) 30 पुरतो, पण उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. चोळल्यावर वळ्या निघत असतील तर खालचं मॉइश्चरायझर मुरायला पाच मिनिटं द्या आणि न घासता थापून लावा. वांग असलेल्यांनी आयर्न ऑक्साइडचं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन घ्यावं. दिसणाऱ्या प्रकाशानेही वांग गडद होतो, आणि साधं सनस्क्रीन हा प्रकाश फारसा अडवत नाही.

सीरमं (त्वचेच्या एखाद्या तक्रारीसाठीची पातळ द्रव्यं) एकदम तीन सुरू केली तर कशाने बिघडलं ते कळत नाही. एका वेळी एकच, आधी दोन-तीन दिवस कानामागे लावून पाहा. मुरुमांवर लावायचं बेंझॉइल पेरॉक्साइड 2.5 टक्क्यांचंच घ्या. 10 टक्क्यांनी आग जास्त होते, गुण तेवढाच. (उशीचा अभ्रा पांढरा वापरा, रंगीत कापडाचा रंग उडतो.) रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) रात्री, वाटाण्याएवढं, आठवड्यातून दोनदापासून सुरू करा. गरोदरपणात अजिबात नको. साधं मॉइश्चरायझरही चुरचुरायला लागलं तर वरचा थर बिघडलाय असं समजा. महिनाभर फक्त क्लेन्झर, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, बाकी सगळं बंद.

मेडिकलमधून आणलेली 'गोरं करणारी' ट्यूब

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ट्यूबवर मोमेटासोन, बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलं असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. बरेचदा सोबत रंग उजळवणारं हायड्रोक्विनोन आणि रेटिनॉलच्याच जातीचं ट्रेटिनॉइनही असतं. सुरुवातीला चेहरा उजळ, नितळ दिसतो, शेजारपाजारचे नाव विचारतात आणि ट्यूब घरोघरी पोचते. काही महिन्यांत त्वचा पातळ होऊन लाल शिरा दिसू लागतात, गालांवर लव वाढते, मुरूम उठतात, उन्हात भगभगतं. बंद केली की लाली आणि आग आणखी वाढते, म्हणून माणूस पुन्हा तीच लावतो. गजकर्णावर ही ट्यूब लावली तर खाज थांबते आणि बुरशी पसरत जाते.

बरेच दिवस लावत असाल तर परस्पर बंद करू नका, कमी कशी करायची हे त्वचारोगतज्ज्ञ ठरवतील. जाताना ट्यूब सोबत न्या, घटकांची बाजू फाडून टाकू नका, आणि किती महिने लावली ते खरं सांगा.