पांदणीच्या उतारावरचं गवत: आधी फळी लावा, मग ट्रॅक्टर

पाऊस ओसरला की नागपूर जिल्ह्यात पांदण रस्ते, कालव्यांचे भराव आणि शेताचे धुरे (बांध) कमरेएवढ्या गवताखाली जातात. कुसळीला कुसळं धरण्याआधी कापलं तर जनावरांना चारा मिळतो, गाजरगवत फुलण्याआधी कापलं तर पुढच्या वर्षीचं बी पडत नाही. म्हणून काम वेळेत व्हायलाच हवं. पण हरभऱ्याची पेरणी तोंडावर असते आणि घाईत ट्रॅक्टर सरळ उतारावर घातला जातो. तो उलटला तर चालकाला उडी मारायलाही वेळ मिळत नाही.

आधी उतार मोजा. डोळ्याचा अंदाज इथे फसवतो, कारण उंच गवत उताराला सपाट दाखवतं. एक मीटरची सरळ फळी घ्या, तिचं एक टोक उतारावर टेकवा, गवंड्याची पाणसळ लावून फळी आडवी करा आणि दुसऱ्या टोकाखाली जमीन किती खोल आहे ते टेपने मोजा. 17 ते 18 सेंमी भरलं तर उतार 10 अंशांचा, 27 सेंमी भरलं तर 15 अंशांचा. ट्रॅक्टर उताराला आडवा चालवायचा तर कोरड्या जमिनीवर 15 अंश ही शेवटची हद्द धरा, ओल असेल तर 10. ट्रॅक्टरच्या किंवा अवजाराच्या पुस्तिकेत यापेक्षा कमी आकडा असेल तर तोच पाळा. रस्त्याच्या भरावाचा उतार बहुधा दोनास एक असतो. तिथे फळीखाली 50 सेंमी भरतात, म्हणजे साडेसव्वीस अंश. अशा उतारावर ट्रॅक्टरचं चाक घालूच नये.

15 अंशांच्या आतही धोका संपत नाही. वरच्या बाजूचं चाक 15 सेंमीच्या दगडावर चढलं आणि त्याच क्षणी खालचं चाक खेकड्याच्या बिळात किंवा काळ्या मातीच्या भेगेत तेवढंच खचलं, तर दोन चाकांत 30 सेंमीचा फरक पडतो. मागच्या चाकांमधलं अंतर दीड मीटर असेल तर ट्रॅक्टर आणखी साडेअकरा अंश कलतो, म्हणजे दहाच्या उतारावर एकवीसच्या पुढे जातो. काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागेत चालणाऱ्या मिनी ट्रॅक्टरची चाकं याहून बरीच जवळ असतात. अंतर 90 सेंमी असेल तर त्याच दगडाने आणि त्याच बिळाने साडेएकोणीस अंशांची भर पडते. बागेसाठी तो उत्तम, उतारासाठी तो सर्वांत वाईट. म्हणून कापणीआधी काठी घेऊन संपूर्ण पट्टा पायी फिरा. बिळं, दगड, तुटलेली तार, मैलाचे दगड यांच्याजवळ चुन्याची खूण करा. पायात उंच बूट हवेत, या दिवसांत गवतात घोणस असते.

उंच भरावासाठी योग्य उपाय म्हणजे हायड्रॉलिक दांड्याचा बूम मोवर. ट्रॅक्टर वरच्या सपाट रस्त्यावर उभा राहतो, उतारावर फक्त दांडा जातो. तरी कडेपासून अंतर ठेवा. नाली दीड मीटर खोल असेल तर चाक कडेपासून किमान दीड मीटर आत हवं, कारण पावसाने फुगलेला भराव वजनाखाली ढासळतो. दांडा उचलण्याआधी वर विजेच्या तारा आहेत का ते पाहा.

हद्दीतल्या उतारावर मागे रोटरी स्लॅशर (फिरत्या पात्यांचं गवत कापायचं अवजार) लावून काम करताना शक्यतो वर-खाली चाला, आडवं नको. डाव्या आणि उजव्या मागच्या चाकाचे दोन्ही ब्रेक पेडल पट्टीने जोडा. शेतात वळताना एकच ब्रेक दाबायची सवय असते, उतारावर ती गाडी फिरवून पाडते. खाली उतरताना आधीच लहान गिअर टाका आणि क्लच दाबू नका. क्लच दाबला की इंजिनचा आवर सुटतो आणि पुढे ब्रेक लावले तर चाकं घसरतात. चढावर क्लच झटक्याने सोडला तर पुढची चाकं उचलतात. मागे उलटायला दीड-दोन सेकंद पुरतात. म्हणून पुढे वजनं लावा, अवजार जमिनीलगत ठेवा, आणि चढ जरा जास्त वाटला तर रिव्हर्समध्ये चढा. आडवं जाताना गाडी घसरू लागलीच, तर स्टेअरिंग हळूच उताराकडे वळवा आणि अवजार खाली टेकवा. वर वळवण्याचा मोह होतो, तो टाळा. दोन्ही मागच्या टायरांची हवा सारखी हवी.

रोल बार, म्हणजे सीटमागची मजबूत लोखंडी कमान, उभी असेल तेव्हाच सीटबेल्ट बांधा, आणि तेव्हा तो बांधायलाच हवा. उन्हासाठी बसवलेलं छप्पर म्हणजे रोल बार नव्हे, उलटताना ते चेपून जातं. कमान नसलेला ट्रॅक्टर उताराच्या कामाला नेऊ नका. मडगार्डवर कोणी बसणार नाही, हेही आधीच स्पष्ट सांगा.

कापणी दव पूर्ण सुकल्यावर, दहा-अकराच्या पुढे सुरू करा. पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा ट्रॅक्टरमागचा दांडा, कमी रेसवर जोडून हळूहळू मिनिटाला 540 फेऱ्यांपर्यंत न्या, चाल ताशी 3-4 किमी. स्लॅशरच्या साखळ्यांची किंवा रबराची झालर तुटलेली असेल तर ती आधी बसवा. पात्याने उडवलेला खडा मोटारसायकलस्वाराच्या तोंडावर जाऊ शकतो. रस्त्यावर माणूस किंवा वाहन दिसलं की पीटीओ बंद. शिअर बोल्ट (ठोकर बसली की आधी तुटून गिअरबॉक्स वाचवणारा बोल्ट) तुटला तर पुस्तिकेत सांगितलेल्याच दर्जाचा घाला. जास्त कडक बोल्ट घातला की पुढच्या ठोकरीला गिअरबॉक्स जातो. गवत अडकलं तर आधी पीटीओ बंद, इंजिन बंद, हँडब्रेक, चावी खिशात, आणि पाती पूर्ण थांबल्यावरच खाली वाका.

उंची 10 ते 15 सेंमी ठेवा. हरळी-पवन्याची मुळं भराव धरून ठेवतात. मातीपर्यंत खरवडलं तर अवकाळी पावसात काळी माती नालीत उतरते. शेततळ्याच्या काठाला आणि पंधरा अंशांपुढच्या तुकड्यांना खांद्यावरचा ब्रशकटर वापरा, दगड असतील तिथे नायलॉन दोरीचा. चेहऱ्यावर जाळी हवी आणि 15 मीटरच्या आत दुसरं कोणी नको. गाजरगवत हाताळताना हातमोजे आणि पूर्ण बाह्या, त्याने अंगाला खाज सुटते. काम संपल्यावर स्लॅशरच्या झाकणाखाली चिकटलेलं गवत तिथेच काढा, नाहीतर गाजरगवताचं बी आपणच बागेत नेऊन टाकतो. सायलेन्सरजवळचा वाळलेला काडीकचराही त्याच वेळी झाडा.