तिशीत एमबीबीएसकडे वळताय? या चुका टाळा

नीट-यूजी (नीट) या एमबीबीएसच्या देशपातळीवरील प्रवेश परीक्षेसाठी पूर्वी खुल्या प्रवर्गाला २५ आणि राखीव प्रवर्गांना ३० वर्षांची वयोमर्यादा होती. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ती रद्द केल्याचे मार्च २०२२ मध्ये जाहीर झाले आणि नोकरी किंवा संसार सांभाळणाऱ्यांनाही एमबीबीएसचा विचार करणे शक्य झाले. अशा उमेदवारांचे नुकसान आता वयामुळे होत नाही. ते बहुतेकदा वेळेवर न केलेल्या चौकशीमुळे होते, आणि हे टाळता येण्यासारखे असल्यामुळेच त्याची अधिक हळहळ वाटते.

पहिला गैरसमज अनुभवाविषयीचा आहे. परिचारिका, औषधनिर्माते किंवा आयुर्वेदाचे पदवीधर यांना आपल्या पदवीचे आणि रुग्णसेवेचे काहीतरी गुण मिळतील, निदान पहिले वर्ष तरी वगळले जाईल, असे वाटते. भारतात एमबीबीएसला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश नाही आणि मुलाखतही नाही. प्रवेश नीटच्या गुणवत्ता क्रमांकावरच होतो.

दुसरी चूक याच्या उलट, म्हणजे दार बंद आहे असे परस्पर ठरवून टाकण्याची. बारावीला जीवशास्त्र नव्हते म्हणून अनेक अभियंते प्रयत्नच करत नाहीत. मात्र नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोगाने बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण होणाऱ्यांनाही पात्र ठरवले आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि राखीव प्रवर्गांना ४० टक्के गुण लागतात. त्यामुळे जुन्या गुणपत्रिकेवरील बेरीज आधी करून पाहावी, मगच शिकवणीचे शुल्क भरावे.

सर्वाधिक घात कागदपत्रे करतात. अठरा वर्षांच्या मुलाची कागदपत्रे त्याचे आईवडील गोळा करतात आणि ती बहुधा एकाच नावाची असतात. तिशीतल्या विवाहितेचे दहावीचे प्रमाणपत्र माहेरच्या नावाने, आधार कार्ड सासरच्या नावाने आणि जातीचा दाखला पुन्हा माहेरच्या नावाने असतो. नीटच्या अर्जात दहावीच्या प्रमाणपत्रावरचेच नाव लिहावे आणि दोन नावे जोडणारा विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातील नावबदलाची प्रत हाताशी ठेवावी. शिक्षणातील खंडाबाबतचे प्रतिज्ञापत्रही तयार असू द्यावे. जात वैधता प्रमाणपत्राला कित्येक महिने लागू शकतात, त्यामुळे निकालाची वाट न पाहता त्याचा अर्ज आधीच करणे शहाणपणाचे ठरते.

उत्पन्नाच्या दाखल्यांत तर सुशिक्षित माणसेही फसतात. इतर मागासवर्गीयांच्या नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रासाठी आईवडिलांची स्थिती पाहिली जाते, तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या दाखल्यासाठी उमेदवाराचे स्वतःचे, आईवडिलांचे, जोडीदाराचे आणि अठरा वर्षांखालील भावंडांचे व मुलांचे उत्पन्न एकत्र धरून ते आठ लाखांच्या आत असावे लागते. साहजिकच पतीचा पगार एका दाखल्यात बाधक ठरतो आणि दुसऱ्यात ठरत नाही. हा फरक तहसील कार्यालयात जाण्यापूर्वीच समजून घ्यावा.

राज्याच्या कोट्याबाबतही आधीच खात्री करावी. महाराष्ट्रातील शासकीय महाविद्यालयांतील ८५ टक्के जागांचे प्रवेश राज्याचा सामायिक प्रवेश परीक्षा (सीईटी) कक्ष करतो आणि त्यांसाठी अधिवास दाखल्यासोबत दहावी व बारावी महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण असणे साधारणपणे आवश्यक असते. लग्नानंतर किंवा नोकरीसाठी पुण्यात स्थायिक झालेल्या, पण शालेय शिक्षण परराज्यात झालेल्या उमेदवाराला केवळ अधिवासाचा दाखला पुरत नाही. अपवाद आहेत, पण ते त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेतच वाचावेत, ऐकीव माहितीवर राहू नये.

अभ्यासात जुन्या पदवीचा आधार दगा देतो. नीटचा पेपर अकरावी-बारावीच्या एनसीईआरटी या राष्ट्रीय परिषदेच्या पाठ्यपुस्तकांभोवती फिरतो आणि १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे असतात. त्यामुळे बी.एस्सी.च्या जाड ग्रंथांत रमण्यापेक्षा पुस्तकातील आकृती, तक्ते आणि ओळ न् ओळ पक्की करणे अधिक फळते. घरात पडलेली जुनी पुस्तके वापरणेही महागात पडते, कारण २०२४ च्या परीक्षेपासून अभ्यासक्रम बदलला असून रसायनशास्त्रातील सॉलिड स्टेट आणि सरफेस केमिस्ट्रीसारखी प्रकरणे वगळली आहेत. चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो, त्यामुळे सवय सुटलेल्या माणसाने घड्याळ लावून, ओएमआर (गोल रंगवण्याच्या) उत्तरपत्रिकेवरच सराव केला पाहिजे.

राहिला वर्षांचा आणि पैशांचा हिशोब. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता (इंटर्नशिप) धरली, तर बत्तिसाव्या वर्षी प्रवेश घेणारा सदतीस-अडतीस वर्षांचा होऊन बाहेर पडतो. महाराष्ट्रातील शासकीय महाविद्यालयात शिकल्यास पुढे एक वर्षाची बंधपत्रित सेवा, म्हणजे प्रवेशाच्या वेळी लेखी हमी दिलेली शासकीय सेवा असते. सिद्धान्ताच्या तासांना ७५ टक्के व प्रात्यक्षिकांना ८० टक्के उपस्थिती सक्तीची असल्याने दिवसाची नोकरी सांभाळून एमबीबीएस होत नाही. घरभाडे, कर्जाचे हप्ते, मुलांच्या शाळेचे शुल्क आणि आईवडिलांचे औषधपाणी या काळात कोणाच्या उत्पन्नातून भागणार, हे जोडीदारासोबत बसून आकड्यांत लिहून काढावे. माझ्या मते तयारीच्या काळात शक्य असल्यास रजा किंवा कमी तासांचे काम घ्यावे, पण राजीनामा मात्र प्रवेश निश्चित झाल्यावरच द्यावा. सरकारी नोकरीत असल्यास ना हरकत प्रमाणपत्र आणि कार्यमुक्तीला किती दिवस लागतात, हे आस्थापना शाखेत आधीच विचारून ठेवावे, कारण जागा मिळाल्यानंतर महाविद्यालयात हजर होण्यासाठी मोजकेच दिवस मिळतात.