पद सुरू होण्याआधीचं वाक्य

संगीत नाटकात काम करायची इच्छा असलेल्या मुली मला अधूनमधून भेटतात. गळा तयार असतो, बऱ्याचजणी विशारद असतात, आणि पहिल्याच तालमीत त्या अडतात. मीही अशीच अडले होते.

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात देवळाच्या जत्रेला रात्री मांडवात संगीत नाटक होतं. काम करणारे गावातलेच: शिक्षक, सुतार, बँकेतले कारकून. सोळाव्या वर्षी मला ‘सौभद्र’मधली सुभद्रा मिळाली. ‘वद जाऊ कुणाला शरण’ हे पद मी घरी घोटून घोटून बसवलं होतं. तालमीत उभी राहिले आणि तोंड उघडल्याबरोबर एक छान हरकत, म्हणजे सुरांची छोटीशी नक्षी, घेतली. ऑर्गनवरच्या मास्तरांनी वाजवणं थांबवलं. म्हणाले, “बाय, तू विचारतेस कोणाला?”

मला उत्तर देता येईना. बलरामाने दुर्योधनाशी लग्न ठरवलंय, सुभद्रेला वाट दिसत नाही, म्हणून ती विचारते आहे. ‘वद’ म्हणजे ‘सांग’. मी त्या शब्दाला नुसता सूर समजून बसले होते. पुढचे आठ दिवस मास्तरांनी मला ते पद गाऊच दिलं नाही. रोज फक्त बोलायचं, गद्यासारखं. नवव्या दिवशी सूर दिला, तेव्हा हरकत आपोआप गळून पडली होती.

या क्षेत्रातलं खरं कसब इथे आहे: गद्य संपून पद सुरू होतं तो सांधा. प्रेक्षकाला वाटलं पाहिजे की आता हिला बोलणं पुरेना म्हणून ती गाते आहे. त्यासाठी आधीचं वाक्य कुठल्या पट्टीत, म्हणजे किती उंच किंवा खालच्या सुरात, बोलायचं हे ठरवावं लागतं. ऑर्गनवाला दोन वाक्यं आधीच हळूच षड्ज, म्हणजे पदाचा ‘सा’, धरतो. तुमचं बोलणं त्या षड्जाच्या आसपास उतरलं की पद उचलताना धक्का बसत नाही. वरच्या आवाजात संवाद ओरडून एकदम खालच्या सुरात पद घेतलं, तर गाणं कितीही चांगलं असो, नाटक तुटतं. म्हणून ऑर्गन आणि तबला वाजवणाऱ्यांशी पहिल्या दिवसापासून मैत्री करा. त्यांना नुसती पदं पाठवू नका, संवादांसकट पूर्ण संहिता द्या.

पट्टीचा प्रश्न नव्या मुलींना फार छळतो. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ पुण्यात झालं तेव्हा स्त्रीभूमिका पुरुषच करत होते, आणि पुढे बालगंधर्वांनी त्या परंपरेचं शिखर गाठलं. 1933 मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या, हिराबाई बडोदेकर त्याच काळात रंगभूमीवर गात होत्या, तेव्हा कुठे बाईची भूमिका बाईच्या गळ्यात आली. पण घोळ अजून आहे. नायक पेटीच्या काळी एक किंवा दोन पट्टीत गातो, आपण काळी चार-पाचमध्ये. एकाच प्रवेशात दोघांची पदं आली की वादकाला पट्टी बदलावी लागते, आणि द्वंद्वगीतात दोघांनाही थोडी अडचण सोसावी लागते. आपली पट्टी आपल्याला ठाऊक हवी आणि ती ठामपणे सांगता आली पाहिजे.

हे मी किंमत मोजून शिकले. एका नाट्यसंस्थेत एकाच दिवशी दोन प्रयोग होते आणि घसा सुजला होता. पट्टी अर्ध्या स्वराने खाली घ्या म्हटलं, तर ऐकून घेतलं नाही. मीही गप्प बसले. दुसऱ्या प्रयोगानंतर तीन आठवडे आवाज नव्हता. पट्टी खाली घेण्यात कसलाही कमीपणा नाही. घसा बसला असेल तर कुजबुजूही नका, त्यानेही ताण पडतो. कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा आणि दौऱ्याच्या बसमध्ये रात्रभर गप्पा मारू नका.

जुनी ध्वनिमुद्रणं जरूर ऐका, पण जपून. त्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात बसवलेलं पद म्हणजे रंगमंचावर गायलेलं पद नव्हे. संगीत नाटकातल्या गायिका-अभिनेत्री कीर्ती शिलेदारांना ऐकाल तेव्हा ताना मोजत बसू नका, शब्द कसा टाकलाय तिकडे कान द्या.

आता नाच. जुन्या संगीत नाटकात नायिका बहुधा एका जागी उभी राहून गाते, त्यामुळे अनेकींना वाटतं नाचाची गरज नाही. माझी समजूत मोडली ती एका नव्या नाटकात. शेवटच्या ओळीवर दोन गिरक्या होत्या आणि नेमका तिथेच लांबवायचा सूर. दम पुरेना. कथकच्या बाईंनी उपाय दिला: आधी घरात चालत चालत सरगम म्हण, मग तत्कार, म्हणजे कथकचं पदकाम, करत, लय हळूहळू वाढव. वहीत पदाखाली पावलं लिही आणि श्वासाच्या जागी उभी रेघ मार. रेघ जिथे येत नाही तिथलं पाऊल बदलून घे. नृत्यदिग्दर्शक आणि संगीतकार वेगवेगळ्या दिवशी तालीम घेत असतील तर दोघांना एकदा तरी एकत्र बसवाच.

शिक्षणाचं म्हणाल तर पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाट्य, संगीत आणि नृत्य एकाच छताखाली आहे, हा मोठा फायदा. ते जमत नसेल तर राज्य संगीत नाट्य स्पर्धा आणि गोव्यात कला अकादमीची स्पर्धा, इथे हौशी संस्थांबरोबर उतरा. एका स्पर्धेच्या तालमींत जे शिकायला मिळतं ते वर्गात मिळत नाही.

पैशांचं स्पष्ट सांगते. मानधन नाईटवर, म्हणजे दर प्रयोगामागे, मिळतं, प्रयोग बहुतेक शनिवार-रविवारी लागतात, आणि नुसत्या संगीत नाटकावर घर चालत नाही. मी आठवडाभर गाण्याचे वर्ग घेते, नाट्यगीतांचे कार्यक्रम करते. नाईट किती, प्रवासखर्च कोणाचा, हे पहिल्या तालमीआधी लेखी घ्या. तरीही वाट बंद नाही. 2017 साली व्यावसायिक रंगभूमीवर आलेल्या ‘संगीत देवबाभळी’त दोनच अभिनेत्री होत्या, दोघी स्वतः गात होत्या, आणि लोकांनी ते नाटक डोक्यावर घेतलं.

निवडीला जाताना दोन पदं तयार ठेवा, एक ठाय म्हणजे संथ लयीतलं आणि एक द्रुत. दोन्हींच्या आधीचे चार-पाच संवाद पाठ करून न्या. समोरचे म्हणतील, थेट पदच म्हणा. विनंती करा, “आधीचं वाक्य बोलून सुरू करू का?” आजवर मला कोणी नाही म्हटलेलं नाही.