घरच्या बिअरचा मॅश: आधी बर्फाचे पाणी

घरी बिअर करताना मॅशच्या, म्हणजे माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) गरम पाण्यात भिजवून ठेवलेल्या मिश्रणाच्या, तापमानासाठी जी तयारी करायची, तिची सुरुवात एकाच गोष्टीने करावी: थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात तपासल्याशिवाय शेगडी पेटवू नये. गेल्या हिवाळ्यात डेन्व्हरच्या घरी पोर्टर ही गडद बिअर करताना मी तो फक्त उकळत्या पाण्यात धरला. त्याने ९५ दाखवले, आणि पाणी १०० अंशांनाच उकळते हे शाळेपासून डोक्यात बसलेले असल्यामुळे तो पाच अंश कमी दाखवतो असे मी ठरवून टाकले. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंच आहे आणि तेथे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळते. थर्मामीटर बरोबर होता. त्यावरचे ६३ मी तासभर ६८ मानत राहिलो, आणि दाट पोर्टरऐवजी पाणचट बिअर हाती आली, घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरवर १.०१५ च्या जवळपास थांबायला हवी होती, ती १.००८ पर्यंत उतरली.

म्हणून चुरलेला बर्फ पेल्यात गच्च भरावा, फटी बुजतील एवढेच पाणी घालावे, दोन मिनिटे ढवळावे आणि थर्मामीटरचे टोक काचेला न टेकवता मधोमध धरावे. शून्य दिसले पाहिजे. हा शून्य डेन्व्हरला, पुण्याला आणि रत्नागिरीला एकच असतो. उत्कलनबिंदू मात्र उंचीबरोबर खाली येतो, पुण्यातही तो ९८ च्या जवळपास असतो. बर्फानंतर उकळते पाणी जरूर घ्यावे, पण तुलना आपल्या गावच्या उत्कलनबिंदूशी करावी.

पाच अंशांनी एवढे काय बिघडते, असे वाटू शकते. माल्टमधील पिष्टाची साखर करणाऱ्या विकरांपैकी बीटा-अमायलेज ६० ते ६५ अंशांत जोमाने काम करते आणि यीस्टला संपवता येईल अशी साखर तयार करते. अल्फा-अमायलेजला ७० च्या आसपासची उष्णता मानवते, आणि तिथे डेक्स्ट्रिन अधिक उरते, जे यीस्टला पचत नाही आणि बिअरला दाटपणा देते. ६३ आणि ६८ या दोन वेगळ्या बिअर आहेत.

भांडी, पळी, घड्याळ यांबद्दल सांगायला नको. माल्टचे स्वतःचे तापमान मात्र मोजून वहीत लिहावे. ५ किलो माल्टला १२.५ लिटर पाणी घेऊन ६८ अंशांचा मॅश हवा असेल, तर २० अंशांच्या माल्टवर सुमारे ७६ अंशांचे पाणी लागते. तेच माल्ट गॅरेजमध्ये राहून ५ अंशांवर आले असेल, तर ७८ च्या थोडे वर. हा हिशेब मॅशचा कूलर, म्हणजे उष्णता धरून ठेवणारा जाड भिंतींचा डबा, आधीच तापलेला आहे असे धरून केला आहे, तेव्हा त्यात दहा मिनिटे कडकडीत पाणी भरून ठेवावे आणि मग ओतून द्यावे. हे सगळे आकडे बर्फात न तपासलेल्या थर्मामीटरने मोजणार असाल, तर मोजूच नका.

माल्ट घातल्यावर पिठल्यासारख्या गुठळ्या होतात. त्या मोडेपर्यंत ढवळावे आणि तीन ठिकाणी तापमान पाहावे, कारण कडेला आणि मध्ये दोन अंशांचा फरक सहज असतो. दोन लिटर उकळते आणि दोन लिटर गार पाणी आधीपासून बाजूला असावे. मॅश ७० च्या वर गेला तर गार पाणी ताबडतोब घालावे, कारण त्या उष्णतेत बीटा-अमायलेज काही मिनिटांत निकामी होते आणि परत येत नाही. कमी भरला तर उकळते पाणी थोडेथोडे घालायला सवड असते. नंतर झाकण लावून वर गोधडी टाकावी आणि सारखे उघडून पाहू नये. प्रत्येक वेळी उष्णता जाते.

तासाभराने पांढऱ्या बशीत मॅशमधील द्रवाच्या थेंबावर आयोडीन टाकावे. निळे-काळे झाले तर पिष्ट शिल्लक आहे, आणखी वीस मिनिटे थांबावे. स्पार्जमध्ये, म्हणजे उरलेली साखर गरम पाण्याने धुऊन काढताना, धान्य ७७ च्या वर तापू देऊ नये, तुरटपणा उतरतो. पुढचे उकळणे नेहमीचेच, फक्त उंचावरच्या गावी पाणी कमी तापमानाला उकळत असल्यामुळे हॉप्स (कडवटपणा देणारी फुले) थोडे जास्त लागतात. गाळणे, गार करणे. यीस्ट टाकण्यापूर्वी वॉर्ट, म्हणजे गाळलेला गोड द्रव, २० अंशांच्या खाली आले आहे का, हेही बर्फात तपासलेल्या त्याच थर्मामीटरने पाहावे.