डोळ्यांसाठी गाजराचा ज्यूस पिताय? मग या चुका टाळा

नाशिकमध्ये चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, 14 वर्षं झाली. आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी आई पोराला खुर्चीत बसवते आणि विचारते, "ताई, रोज गाजर देतेय, तरी नंबर वाढला कसा?" अहो, लांबचं दिसत नाही ते बहुतेक वेळा डोळ्याचा गोळा लांबट झाल्यामुळे, आणि तो गाजराने आखूड होत नाही. गाजरातल्या बीटा-कॅरोटीनपासून शरीर व्हिटॅमिन ए बनवतं, ते कमी पडलं की रातांधळेपणा येतो, डोळे कोरडे पडतात, तिथे आहाराचा खरंच उपयोग होतो. पण चष्मा सुटायचा नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे डॉक्टरऐवजी ज्यूस. माझे मामा निफाडकडचे, द्राक्षबाग आहे, शुगर 11 वर्षांपासून. ऑक्टोबरच्या सुमाराला द्राक्षवेलीची गोडी छाटणी असते, तेव्हा त्यांना काडीवरचा डोळाच, म्हणजे जिथून कोंब फुटतो ती जागाच, नीट दिसेना, कात्री लावायच्या आधी काडी पार नाकाजवळ धरायचे. मी फोनवर दोनदा म्हटलं दाखवून घ्या, पण कुणीतरी गाजर-बीटचा ज्यूस सांगितला होता आणि मामी रोज सकाळी मोठा ग्लास भरून, गाळून देत होत्या, तो चोथा गेला की साखर रक्तात किती पटकन चढते हे त्या माउलीला कुणी सांगितलंच नव्हतं. चार महिने असेच गेले. माल काढणीला आला तेव्हा मामा दुकानात आले, म्हणाले, "डोळ्यापुढे काळे धागे तरंगतात गं." मी तिथूनच डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) डॉक्टरकडे पाठवलं. आत रक्तस्राव झाला होता. लेसर झालं, पण लेसर मुख्यतः पुढचं नुकसान थांबवतं, गेलेली नजर क्वचितच परत आणतं, आणि त्यांच्या उजव्या डोळ्याची पूर्ण आलीच नाही. फोनवर सांगून मी गप्प बसले, गाडीत घालून नेलं नाही, हे मला अजून खातं.

दुसरी चूक, सगळं लक्ष फळांवर आणि पालेभाजी ताटात तशीच. पडद्याच्या मध्यभागी जो पिवळा ठिपका असतो तो ल्युटीन आणि झिअ‍ॅक्झँथिनमुळे पिवळा, आणि हे दोन्ही शरीर स्वतः बनवत नाही, खाऊनच मिळतात. पालक, मेथी, शेवग्याचा पाला, मका, अंड्याचा पिवळा बलक. त्यातही लोक "तेल बंद केलंय" म्हणून पालक नुसता उकडून खातात, अरे पण ही द्रव्यं तेलातुपाबरोबरच अंगी लागतात! मी गंगेवरून, म्हणजे गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारातून, शेवग्याचा पाला आणते, कोवळा, देठं खुडून, आणि लसणाची फोडणी चुरचुरली की वरून घालते, चमचाभर तेल पुरतं. पपई, आंबा जेवणाबरोबर खाल्ला तरी तेच काम होतं. पेरू आणि आवळा मात्र कच्चेच खा, त्यांचं व्हिटॅमिन सी उष्णतेने कमी होतं. पेरूत 100 ग्रॅमला साधारण 200 मिलिग्रॅम असतं, संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त. आपली द्राक्षं गोड लागतात, खा की, पण व्हिटॅमिन सीसाठी नको, आणि शुगर असेल तर मोजून.

गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. अमेरिकेतल्या 2013 च्या मोठ्या अभ्यासातल्या गोळ्या (ल्युटीन 10 मिलिग्रॅम, झिअ‍ॅक्झँथिन 2, सोबत सी, ई, झिंक, तांबं) या ज्यांचा पडदा वयामुळे आधीच मध्यम खराब झालाय त्यांचा आजार सावकाश वाढावा म्हणून आहेत, मोतीबिंदूवर त्यांचा उपयोग दिसला नाही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या तर घ्यायच्याच नाहीत, त्याने फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. गरोदर बाईने व्हिटॅमिन एच्या गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

डोळ्यात मध, लिंबू, गुलाबपाणी घालू नका. नाहीच घालायचं.

आणि पंधरा दिवसांत फरक दिसत नाही म्हणून पालेभाजी सोडणारे, त्यांना काय सांगू, ही वर्षानुवर्षांची गोष्ट आहे.

शुगर असेल तर दिसायला काही त्रास नसला तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या, कारण सुरुवातीला काहीच जाणवत नाही. मामा आता दरवर्षी गोडी छाटणीच्या आधी येतात. थेंब टाकल्यावर चार-पाच तास धूसर दिसतं, त्यामुळे गाडी चालवायला मामेभावाला सोबत आणतात.